मॉनिटरवर वारंवार 'नो सिग्नल' येतोय? मॉनिटर बदलण्याआधी केबल तपासा

नागपुरात घरोघरी आणि दुकानांत कॉम्प्युटर दुरुस्तीला जाताना एक तक्रार सतत ऐकू येते : "भाऊ, मॉनिटर उडाला वाटते." जाऊन पाहिले तर खरोखर उडालेला मॉनिटर क्वचितच निघतो. केबल चुकीची असते, चुकीच्या पोर्टमध्ये (केबल घालायच्या खाचेत) असते, अर्धवट बसलेली असते किंवा मॉनिटर जे मागतो ते पुरवण्याची तिची ताकद नसते. लोक मात्र घाबरून नवा मॉनिटर घेतात, जुनीच केबल त्याला लावतात आणि आठवड्यात तीच तक्रार परत येते. पाच-दहा हजार रुपये असे वाया जाताना पाहिले की जीव हळहळतो. म्हणून ज्या क्रमाने मी तपासतो तोच क्रम इथे लिहितो. आधी फुकटचे, मग शे-दोनशे रुपयांचे, आणि शेवटी जिथे हात लावू नये ते.

लक्षणे

यातले एक जरी जुळत असेल तर पुढे वाचा.

- कॉम्प्युटर सुरू होतो, पंखे फिरतात, विंडोजचा आवाजही येतो. पण स्क्रीनवर 'नो सिग्नल' किंवा 'चेक सिग्नल केबल' एवढेच दिसते आणि मग अंधार.
- चित्र चांगले असते, मधेच एक-दोन सेकंद काळे होते आणि आपोआप परत येते.
- पूर्ण स्क्रीनवर पिवळी, गुलाबी किंवा निळसर झाक येते.
- अक्षरे पुसट दिसतात, किंवा रिझोल्यूशन (चित्रातले आडवे-उभे ठिपके) १०२४ बाय ७६८ च्या वर जातच नाही.
- गडद भागात पांढरे ठिपके चमचमतात.
- १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर ६० वर अडकतो, किंवा ४के (खूप बारीक ठिपक्यांच्या) मॉनिटरवर माउस अडखळत चालतो.
- टाइप-सी केबल लावली की लॅपटॉप चार्ज होतो, चित्र मात्र येत नाही.
- 'आउट ऑफ रेंज' किंवा 'इनपुट नॉट सपोर्टेड' असा निरोप येतो.
- कॉम्प्युटर बंद असताना आतले दिवे मंद लागलेले दिसतात, किंवा मॉनिटर जोडलेला असला की तो सुरूच होत नाही.

मॉनिटरचा स्वतःचा छोटा दिवाच लागत नसेल तर प्रश्न विजेचा आहे, चित्राच्या केबलचा नाही. आधी त्याची पॉवर कॉर्ड किंवा अडॅप्टर बघा.

मेनूचे बटण दाबा

सगळ्यात सोपी तपासणी हीच आणि निम्मा निकाल इथेच लागतो. मॉनिटरच्या खाली, मागे किंवा कडेला मेनूचे बटण असते. ते दाबल्यावर ब्राइटनेस, काँट्रास्टची चौकट उमटते. ही चौकट मॉनिटर स्वतः तयार करतो, कॉम्प्युटरकडून ती येत नाही. त्यामुळे मागचे चित्र बिघडलेले आणि चौकट मात्र स्वच्छ, सरळ, योग्य रंगात असेल, तर पॅनल (चित्र दाखवणारा पडदा) आणि त्यामागचा प्रकाश ठीक आहे. दोष केबलमध्ये, दोन्हीकडच्या पोर्टमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये आहे. उलट चौकटीतूनही उभ्या रेघा जात असतील, तिच्यावरही काळा डाग असेल, तर जगातली कोणतीही केबल आणली तरी उपयोग नाही. तिथेच थांबा आणि केबलवर पैसे घालू नका.

काही मॉनिटर सिग्नल नसताना पूर्ण मेनू उघडत नाहीत, फक्त 'नो सिग्नल'ची पाटी दाखवतात. ती पाटी स्वच्छ दिसली तरी पॅनलची परीक्षा झाली असे समजा.

बटणाला हात लागलाच आहे तर त्याच मेनूत 'इनपुट' किंवा 'सोर्स' बघा. केबल 'एचडीएमआय १' या पोर्टमध्ये आणि मॉनिटर 'एचडीएमआय २' वर वाट बघत बसलेला, हे इतक्या वेळा दिसते की मी दारातून आत आल्यावर सर्वांत आधी तेच पाहतो. 'ऑटो' वर ठेवलेला मॉनिटर आपोआप सोर्स शोधतो खरा, पण कॉम्प्युटर झोपेतून उठायला वेळ लागला की तो दमून भलत्याच पोर्टवर थांबतो. सोर्स हाताने निवडून कायम करून टाका. रोज सकाळी 'नो सिग्नल' येणाऱ्या कित्येक घरांचा प्रश्न एवढ्याने मिटला आहे.

केबल काढा, बघा, परत बसवा

आधी कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही भिंतीवरच्या बटणापासून बंद करा. एचडीएमआय चालू असताना काढता-घालता येते असे सगळेच सांगतात, आणि तिची रचना त्यासाठीच आहे. पण ज्या घरात अर्थिंग कच्चे आहे तिथे कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांच्या धातूच्या भागांत विजेचा फरक साठलेला असतो. केबल टेकताक्षणी तो पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जळतो. मॉनिटर म्हणून टीव्हीच वापरत असाल आणि त्याला सेट-टॉप बॉक्स किंवा डिशची वायर जोडलेली असेल तर धोका आणखी वाढतो.

एचडीएमआयला ना स्क्रू असतात ना खटका, ती केवळ घट्टपणावर बसते. जाड केबल भिंतीवरच्या मॉनिटरमधून खाली लोंबत असेल तर तिच्याच वजनाने प्लग हळूहळू तिरका होतो. १९ पिनांपैकी शेवटची पिन मॉनिटर जोडला आहे की नाही हे कॉम्प्युटरला कळवते. प्लग केसभर सरकला आणि ती पिन सुटली की चित्राच्या बाकी पिना टेकलेल्या असूनही कॉम्प्युटर चित्र पाठवणेच थांबवतो. 'परवापर्यंत चालत होता, कुणी हातही लावला नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच असते. केबल परत बसवल्यावर तिला प्लास्टिकच्या टायने मॉनिटरच्या स्टँडला बांधा, वजन प्लगवर येऊ देऊ नका.

डिस्प्लेपोर्टला (एचडीएमआयसारख्याच दुसऱ्या प्रकारच्या केबलला) बहुतेक वेळा खटका असतो. वरचे बटण दाबल्याशिवाय ओढू नका, पोर्ट उपटून येईल. नव्या केबलच्या टोकावर आणि नव्या ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टमध्ये प्लास्टिकच्या छोट्या टोप्या असतात, त्या काढल्या आहेत ना तेही बघा. व्हीजीएचे (जुन्या, पिनांच्या तीन ओळींच्या केबलचे) दोन्ही स्क्रू आवळा, दोन्हीकडचे.

सीपीयूच्या मागे कोणते पोर्ट वापरले आहे?

दिवाळीच्या सफाईनंतर माझे फोन वाढतात. सगळ्या वायरी काढून, पुसून, परत लावलेल्या असतात, आणि मॉनिटरची केबल जिथे बसली तिथे बसवलेली असते. कॅबिनेटच्या मागे एचडीएमआयचे छिद्र दोन ठिकाणी असू शकते : वरच्या भागात, यूएसबी आणि कीबोर्डच्या पोर्टांजवळ, आणि खाली, आडव्या पट्टीवर. वरचे मदरबोर्डचे (कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीचे), खालचे ग्राफिक्स कार्डाचे (चित्रासाठी वेगळ्या बसवलेल्या पाटीचे). कार्ड बसवलेले असेल तर केबल खालच्या पोर्टातच हवी.

कारण असे की मदरबोर्डच्या पोर्टातून चित्र येण्यासाठी प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असावे लागते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे, उदाहरणार्थ १२४००एफ, त्यांत ते नसते. रायझन ५६००एक्समध्येही नाही, ५६००जीमध्ये आहे. अशा मशीनवर मदरबोर्डचे एचडीएमआय पोर्ट दिसायला असते, पण त्यातून कधीच काही येणार नाही. आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असले तर वेगळाच गोंधळ होतो : चित्र येते, पण महागडे कार्ड रिकामे बसून राहते आणि मुलगा म्हणतो गेम अडकतो.

विंडोजमधल्या गोष्टी

चित्र येते पण भलतेच येते, किंवा लॅपटॉपवर दिसते आणि बाहेरच्या मॉनिटरवर नाही, तर विंडोज की धरून पी दाबा. उजवीकडे चार पर्याय येतात. 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडलेले असेल तर बाहेर काहीच जाणार नाही; 'डुप्लिकेट' किंवा 'एक्स्टेंड' करा. स्क्रीन मधेच गोठली किंवा काळी झाली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर (चित्राचा भाग चालवणारे सॉफ्टवेअर) तिथल्या तिथे पुन्हा सुरू होतो, उघडी कामे जात नाहीत.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर नवा आणला की विंडोज त्याला बरेचदा ६० वरच ठेवते. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट बदला. यादीत १४४ दिसतच नसेल, तेव्हाच केबलवर किंवा पोर्टवर संशय घ्या. 'आउट ऑफ रेंज' आला तर मॉनिटरला न पेलणारा आकडा निवडला गेला आहे. १५ सेकंद काहीही न दाबता थांबा, विंडोज स्वतःच जुन्या सेटिंगवर परत येते.

एचडीएमआय लावल्यावर स्पीकर बंद पडले ही तक्रारही इथेच सुटते. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट आवाजही वाहून नेतात, त्यामुळे विंडोज आवाज मॉनिटरकडे वळवते, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट बदला.

एका वेळी एकच गोष्ट बदला

इथपर्यंत दमडी खर्च झालेली नाही. आता अदलाबदल. सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल काढून मॉनिटरला लावा. चित्र आले तर केबल दोषी. नाही आले तर तीच केबल मॉनिटरच्या दुसऱ्या पोर्टात घाला. तरीही नाही, तर कॉम्प्युटर टीव्हीला जोडा. टीव्हीवर आले तर मॉनिटरचा पोर्ट दोषी, तिथेही नाही तर कॉम्प्युटर. केबल, पोर्ट आणि मॉनिटर एकदम बदलले आणि चित्र आले, तर सुटले कशाने हे कळत नाही, आणि जे बिघडले होते ते घरातच राहते. मागाहून परत कुठेतरी लागते.

एक बारकी खूण आणखी. कॉम्प्युटर सुरू करताच डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जा. झाक, ठिपके, काळे पडणे तिथेही दिसत असेल तर विंडोज आणि ड्रायव्हर यांचा त्यात हात नाही. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकण्यात दिवस घालवू नका.

व्हीजीए : रंग गेला की पिना बघा

२०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत व्हीजीए बंद करण्याचे जाहीर केले होते. पण आपल्याकडच्या सेतू केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत, शाळांच्या लॅबमध्ये १९८७ चे हे पोर्ट अजून रोज काम करते. त्यामुळे त्याच्याबद्दल थोडे सविस्तर.

व्हीजीएत लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग तीन वेगळ्या पिनांतून जातात : पहिली, दुसरी आणि तिसरी. निळ्याची पिन टेकली नाही तर लाल आणि हिरवा उरतो, स्क्रीन पिवळी दिसते. हिरवी सुटली तर गुलाबी-जांभळी, लाल सुटली तर निळसर-हिरवी. म्हणजे झाक पाहूनच कोणती पिन गेली ते सांगता येते.

प्लग काढून उजेडात धरा. पाच-पाचच्या तीन ओळी दिसतील. एखादी जागा रिकामी असेल तर लगेच घाबरू नका. मधल्या ओळीतली नववी पिन पुष्कळ केबलमध्ये मुळातच नसते. वाकलेली पिन मात्र लगेच ओळखू येते, बाकीच्यांच्या रांगेतून एक आडवी पडलेली असते. ती चिमट्याने ओढू नका, बुडाशी तुटते. लीड काढलेली पेन-पेन्सिल घ्या. तिच्या पुढच्या बारीक नळीत पिनेचे टोक अलगद शिरते. नळी पिनेवर बुडापर्यंत सरकवा आणि अगदी थोडी थोडी सरळ करा. एका झटक्यात नाही. शेजारच्या पिनांशी रेघ जुळली की थांबा. दुसऱ्यांदा वाकलेली पिन शक्यतो सरळ करत बसू नका, नवी केबल घ्या. धातू एकदा थकला की तुकडा पोर्टातच मोडून राहतो आणि मग खर्च केबलचा न राहता मदरबोर्डाचा होतो.

रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकण्याचे कारणही बहुधा याच प्लगमध्ये असते. मॉनिटर आपली ओळख आणि आपल्याला चालणारी रिझोल्यूशन बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून कॉम्प्युटरला सांगतो. अगदी स्वस्त केबलमध्ये या तारा जोडलेल्याच नसतात. मग विंडोजला समोर कोणता मॉनिटर आहे हेच कळत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असे दिसते आणि ते सुरक्षित म्हणून लहान रिझोल्यूशन देते. ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा पूर्ण तारांची केबल लावा.

कूलर सुरू झाला की स्क्रीन काळी

ही तक्रार मार्चच्या शेवटी सुरू होते आणि जूनमध्ये पाऊस आला की थांबते. पारा ४५ च्या आसपास, खोलीत कूलर, आणि कूलर, कॉम्प्युटर, मॉनिटर सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. कूलरची मोटर चालू किंवा बंद होताना विजेचा झटका उठतो. केबलवरचे जाळीचे आवरण चांगले असेल तर तो बाहेरच राहतो. स्वस्त केबलमध्ये ते आवरण पातळ असते किंवा प्लगला नीट जोडलेलेच नसते. झटका सिग्नलमध्ये शिरतो, मॉनिटरचा कॉम्प्युटरशी संपर्क तुटतो, आणि तो नव्याने जुळेपर्यंत स्क्रीन काळी राहते.

त्रिमूर्तीनगरच्या एका घरी ताई सांगत होत्या, "दर दहा-पंधरा मिनिटांनी जाते हो, तेही दुपारीच." मी अर्धा तास बसलो, काही झाले नाही. मग घरातल्या काकूंनी कूलरच्या पंपाचे बटण दाबले आणि स्क्रीन गेली. पंप बंद केला, परत गेली. कूलर समोरच्या भिंतीवरच्या सॉकेटला लावला, डिस्प्लेपोर्टची लांबलचक केबल काढून दीड मीटरची लावली, एवढेच केले. मॉनिटर तोच आहे, चालतो आहे.

हिवाळ्यात कोरड्या हवेत हीच गंमत खुर्ची करते. गॅसच्या दांड्याची ऑफिसची खुर्ची, तिच्यावरून उठताच स्क्रीन एक सेकंद काळी. उठता-बसताना साचलेला स्थिर विजेचा भार सुटतो आणि केबल तो पकडते. कारण तेच, उपायही तोच : आखूड आणि चांगल्या आवरणाची केबल.

कॉम्प्युटर आणि मॉनिटर एकाच स्ट्रिपवर असावेत आणि कूलर, मिक्सर, इस्त्री वेगळ्या सॉकेटवर. हे फुकट आहे, आजच करा.

कन्व्हर्टर कोणत्या दिशेने चालतो

बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) कन्व्हर्टर, म्हणजे एका प्रकारचे पोर्ट दुसऱ्या प्रकाराला जोडणारा जोड, घ्यायला गेलात तर दोन टोकांचे आकार सांगून चालत नाही. चित्र कुठून कुठे जाणार ते सांगावे लागते. कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर साधी, स्वस्त केबल चालते, कारण बहुतेक कॉम्प्युटरचे डिस्प्लेपोर्ट गरज पडल्यास एचडीएमआयचा सिग्नलही देऊ शकते. तीच केबल उलटी, म्हणजे लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टात, कधीच चालत नाही. त्यासाठी आत चिप असलेला आणि यूएसबीवरून वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. केबल दोन्हीकडे व्यवस्थित बसते, म्हणून गिऱ्हाईक तासन् तास सेटिंग शोधत बसतो.

एचडीएमआयमधून व्हीजीए करायचे तर आत चिप हवीच, कारण एक डिजिटल आणि दुसरे ॲनालॉग. असा कन्व्हर्टर तासाभराने गरम होऊन चित्र सोडत असेल तर त्याला वीज कमी पडते आहे. बाजूला यूएसबीचे टोक असलेला घ्या. डीव्हीआयच्या (आणखी एका जुन्या प्रकारच्या) पोर्टात चपट्या पिनेभोवती चार छोटी छिद्रे असतील तरच त्यातून व्हीजीए निघते. ती नसतील तर ते निव्वळ डिजिटल आहे, साधा जोड बसणारच नाही.

टाइप-सीबद्दल एकच सांगतो. आकार सारखा असला तरी प्रत्येक टाइप-सी पोर्ट चित्र देत नाही, आणि फोनच्या चार्जरसोबत येणारी केबल तर बहुतेक फक्त चार्जिंग आणि सावकाश डेटासाठीच असते. लॅपटॉपच्या पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचे किंवा विजेच्या बाणाचे थंडरबोल्ट चिन्ह आहे का बघा. नुसता बॅटरीचा शिक्का म्हणजे चार्जिंग. चिन्ह नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर वैशिष्ट्ये वाचा. पोर्टातच चित्र नसेल तर हजार रुपयांची केबल आणूनही येणार नाही.

नवी केबल घ्यायचीच झाली तर

आधी दोन्हीकडची पोर्टे बघा, मग मॉनिटरचे रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट, मग अंतर. ब्रँड आणि किंमत त्यानंतर.

ऑफिसचा १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर कोणतीही धड एचडीएमआय पुरते. तिथे महाग केबल घेऊ नका. व्हीजीएही चालेल, पण मॉनिटरला एचडीएमआय असताना व्हीजीए वापरू नका. अक्षरांच्या कडा पुसट दिसतात आणि दिवसभर एक्सेल बघणाऱ्याचे डोळे दुखतात.

१४४ हर्ट्झ किंवा त्याहून वरच्या गेमिंग मॉनिटरला, दोन्हीकडे डिस्प्लेपोर्ट असेल तर तेच वापरा. अशा पुष्कळ मॉनिटरचे एचडीएमआय पोर्ट कमी रिफ्रेश रेटवर थांबते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ४के ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागते. एचडीएमआय १.४ ची धाव ४के वर ३० हर्ट्झपर्यंतच आहे, म्हणून जुन्या लॅपटॉपवर माउस अडखळतो. तिथे पोर्टच जुने आहे, केबल बदलून फरक पडणार नाही. ४के १२० हर्ट्झला एचडीएमआय २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४.

पाकिटावरच्या '२.१', '८के', 'सोन्याचा मुलामा' यांवर जाऊ नका. आवृत्तीचा आकडा पोर्टाचा असतो. एचडीएमआय केबलची प्रतवारी नावाने असते : 'हाय स्पीड', त्यावर 'प्रीमियम हाय स्पीड' म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट, आणि 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे ४८. अस्सल अल्ट्रा हाय स्पीडच्या पाकिटावर स्कॅन करता येणारे प्रमाणपत्राचे लेबल असते, दुकानातच फोनने तपासा. सोन्याच्या मुलाम्याने पिना गंजत नाहीत एवढेच, चित्र अधिक चांगले होत नाही. डिजिटल केबलने रंग खुलतात असे कुणी सांगत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. सिग्नल पोचला तर चित्र पूर्ण येते, कमी पोचला तर ठिपके आणि काळे पडणे.

लांबी जितकी कमी तितके बरे. टेबलावरच्या कामाला दीड-दोन मीटर पुष्कळ. ४के साठी पाच मीटरच्या पुढे साधी तांब्याची केबल भरवशाची राहत नाही. सभागृहात प्रोजेक्टरपर्यंत न्यायचे असेल तर ऑप्टिकल (सिग्नल प्रकाशाने नेणारी) एचडीएमआय घ्या आणि तिच्यावरच्या बाणाकडे लक्ष द्या, ती एकाच दिशेने चालते. उरलेली केबल गुंडाळून रबराने घट्ट आवळू नका, आतल्या तारा वळणावर तुटतात.

डिस्प्लेपोर्टच्या केबलबाबत एक खास धोका आहे. तिची विसावी पिन विजेची असते आणि नियमाप्रमाणे ती दोन टोकांना एकमेकींशी जोडायची नसते. काही स्वस्त केबलमध्ये ती जोडलेली असते. मग मॉनिटरची वीज उलटी ग्राफिक्स कार्डात शिरते. कॉम्प्युटर बंद असताना आतले दिवे मंद दिसतात किंवा तो सुरूच होत नाही ते यामुळेच. अशी केबल ताबडतोब काढून टाका, दुसऱ्या कुणाला देऊही नका, आणि प्रमाणित केबल घ्या.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

कॅबिनेटला, मॉनिटरच्या मागच्या पत्र्याला किंवा केबलच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी सगळे बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, कॉम्प्युटरवाल्याला नंतर. आपल्याकडे मे महिन्यात माती कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याची ताकद कमी होते. जुन्या घरांत तर तिसऱ्या छिद्रात तारच नसते. टेस्टर घेऊन स्वतः शोधू नका. अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत नवी केबल लावलीत तरी पोर्ट परत जाईल.

जळका वास आला, प्लगची किंवा पोर्टाची कड काळी-पिवळी दिसली, पोर्ट बोटाने हलते आहे, आतली जीभ तुटली आहे, पिनेचा तुकडा आत राहिला आहे : यातले काहीही दिसले तर पुन्हा केबल घालून बघू नका. पोर्ट बदलण्याचे काम गरम हवेच्या सोल्डरिंगचे आहे, ते चिप-लेव्हल दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीचे सर्व्हिस सेंटर; स्टिकर फाडलेले मशीन ते घेत नाहीत.

मॉनिटरचे मागचे झाकण कोणत्याही कारणाने उघडू नका. वीजपुरवठा आत असलेल्या मॉनिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) घातक भार राहू शकतो.

वीज कडाडल्यानंतर चित्र गेले असेल, किंवा दोन चांगल्या केबल आणि दुसरा मॉनिटर लावूनही बायॉसमध्ये चौकोन आणि रेघा दिसत असतील, तर ग्राफिक्स कार्ड किंवा मदरबोर्ड बघावा लागेल. मेनूची चौकटच फाटकी दिसत असेल तर पॅनलच्या दुरुस्तीचा खर्च आधी विचारा. २४ इंचांखालच्या जुन्या मॉनिटरला तो बहुतेक वेळा परवडत नाही, तिथे मी स्वतःच नवा घ्या म्हणून सांगतो.

फोन करण्याआधी मॉनिटरच्या मागच्या स्टिकरचा, मॉनिटरच्या पोर्टांचा आणि सीपीयूच्या मागच्या सगळ्या पोर्टांचा असे तीन फोटो काढून पाठवा, आणि मेनूची चौकट स्वच्छ दिसते की नाही ते लिहा. बर्डीवर केबल घ्यायला जातानाही हेच फोटो दाखवा. एवढ्यावरून अर्धे काम फोनवरच होते, आणि येणारा माणूस योग्य केबल सोबत घेऊनच येतो.